जुनी सी-१०, नवं इंजिन: सांध्यांचं काम

गाडी १९७२ ची शेवरोले सी-१० पिकअप. आखूड हौद्याची, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११५ इंच. मूळ इंजिन २५० घनइंची, सहा सिलिंडर एका रांगेत, आणि स्टिअरिंग कॉलमवर तीन गिअरचा दांडा. त्या जागी मी २००२ च्या सिल्व्हरॅडो या शेवरोलेच्याच नव्या पिकअपमधलं ५.३ लिटरचं एलएम-७ हे व्ही-८ इंजिन आणि त्याच्याच मागचा ४एल६०-ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. काम कॅलिफोर्नियात, घरच्या गराजमध्ये झालं. इथे १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची सरकारी तपासणी) लागत नाही, म्हणून या वयाची गाडी निवडली.

इंजिन उचलून चेसिसवर ठेवणं दोन दिवसांचं काम आहे. बाकी सगळा वेळ जुनं आणि नवं जिथे एकमेकांना भेटतं त्या जागांवर जातो: पेट्रोल, पाणी, वायरिंग, आणि गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट. यातलं जवळजवळ काहीच इंजिनच्या जाहिरातीत दिसत नाही, म्हणून इथे त्यावरच भर देतो.

गाडी घेताना १९७१ किंवा १९७२ ची घ्या. १९७१ पासून सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक ठरलेलेच आले आणि चाकाला पाच बोल्ट, ५ इंचांच्या वर्तुळावर. त्याआधी पुढे ड्रम आणि सहा बोल्ट. जुनी मिळाली तर पुढचा सगळा ब्रेक बदलावा लागतो. गंज बघायच्या जागा म्हणजे केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचा पत्रा, केबिन चेसिसवर टेकते ते आधार, आणि काचेखालचा काउल. काउलमध्ये पानं साचतात, ओल राहते आणि पत्रा आतून जातो. बाहेरून रंग चकचकीत असतो, म्हणून बोटाने दाबून बघा.

पहिलं काम ब्रेकचं. बहुतेक लोक आधी इंजिन बसवतात. माझ्या मते ते चूक आहे. शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरसाठी बनवलेल्या गाडीला २८५ ची ताकद देणार, तर थांबवायची सोय आधी हवी. पुढचे कॅलिपर, रोटर आणि तिन्ही रबरी होज नवे. मागचे ड्रम ठेवले, व्हील सिलिंडर बदलले. जुन्या होज आतून फुगतात. पाय उचलल्यावरही कॅलिपर दाबलेला राहतो आणि एक चाक तापतं, मग माणूस विनाकारण कॅलिपर बदलत बसतो. मास्टर सिलिंडर बसवण्याआधी टेबलावरच हवा काढून घ्या, नाहीतर पेडल कितीही पंप केलं तरी मऊच राहतं.

गाडी पुढे ४ इंच आणि मागे ६ इंच खाली घेतली. पुढचे ४ इंच नुसत्या आखूड स्प्रिंगने काढू नयेत. अडीच इंचांचं ड्रॉप स्पिंडल (चाकाचा आस वर घेऊन गाडी खाली आणणारा भाग) आणि दीड इंच आखूड स्प्रिंग अशी जोडी घेतली, म्हणजे चाक चेसिसला जोडणाऱ्या कंट्रोल आर्मचा कोन फारसा बिघडत नाही आणि सस्पेन्शनला हलायला जागा उरते. मागे सी-१० ला सहसा पाटे नसतात, लांब ट्रेलिंग आर्म आणि कॉइल स्प्रिंग असतात. एवढं खाली आणलं की अॅक्सल चेसिसवर आपटतो, म्हणून चेसिसला खालून अर्धगोल खाच कापून मजबुतीची पट्टी बसवली. मागचा पॅनहार्ड बार, म्हणजे अॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा, आखूड आहे. गाडी खाली आली की तो अॅक्सलला एका बाजूला ओढतो, आणि एक चाक मडगार्डच्या जवळ दिसायला लागतं. लांबी बदलता येणारा बार लावला आणि गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना अॅक्सल मध्यावर आणला. घोडीवर टेकवून केलेलं हे माप खोटं निघतं.

इंजिन भंगार गाड्यांच्या यार्डातून घेताना तीन गोष्टी तपासल्या. पहिली, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट. सगळ्यात मागचे बोल्ट तुटून हेडातच राहिलेले असतात. ते काढणं जमतं, पण वेळ धरून ठेवा. दुसरी, हेडचा कास्टिंग नंबर. ७०६ नंबरच्या काही हेडांना, एका विशिष्ट कास्टिंगच्या, रॉकरखाली बारीक तडे जातात आणि कूलंट हळूहळू ऑइलमध्ये उतरतो. रॉकर कव्हर उघडून आत दुधासारखा थर आहे का ते बघा. तिसरी, थ्रॉटल केबलचा आहे की इलेक्ट्रॉनिक. २००२ पर्यंतची केबलची इंजिनं या कामाला सोपी. इलेक्ट्रॉनिक असेल तर पेडल आणि त्याचं मॉड्यूलही सोबत उचलावं लागतं. इंजिनसोबत संपूर्ण वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा), पीसीएम (इंजिन आणि गिअरबॉक्स चालवणारा संगणक) आणि थ्रॉटल केबलचा ब्रॅकेट घेतला. हार्नेस कापून देणाऱ्याकडून घेऊ नका.

इंजिन जमिनीवर असतानाच इनटेक काढला. या पिढीत नॉक सेन्सर (इंजिनची ठोठो ओळखणारे) इनटेकखालच्या खोलगट जागेत बसतात, पाणी साचून गंजतात आणि इंजिन बसवल्यावर बदलणं त्रासाचं होतं. दोन्ही नवे टाकले. इनटेकचे बोल्ट आधी ४४ इंच-पाउंड, मग ८९ इंच-पाउंड. हे फूट-पाउंड नाहीत. प्लास्टिकचा इनटेक चुकीच्या टॉर्क पान्याने तडकतो.

ऑइल चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं पात्र) बदलावाच लागला. ट्रकचा मूळ चेंबर खोल असतो, खाली आणलेल्या सी-१० मध्ये तो रस्त्याच्या फार जवळ येतो. कमी उंचीचा स्वॅप चेंबर घेतला, त्याचा पिकअप पाइप (चेंबरमधून ऑइल ओढणारा) वेगळा येतो. इथे एक छोटी ओ-रिंग असते, पिकअप पाइप ऑइल पंपात शिरतो तिथली. ती जुनी वापरली किंवा बसवताना चिरली, तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. दोष बेअरिंगचा वाटतो, निघतो एका रिंगेत. नवी रिंग, ऑइल लावून, सरळ दाबून बसवा.

इंजिन चेसिसला धरणाऱ्या माउंटसाठी अॅडॅप्टर प्लेट मिळतात. शेवरोलेच्या जुन्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनाचे माउंट त्यांवर बसतात. सहा सिलिंडरची गाडी असेल तर व्ही-८ चे चेसिस माउंट वेगळे घ्यावे लागतात. बोल्ट घट्ट करण्याआधी सगळं एकदा मोकळं ठेवून पाहिलं: चेंबर ते क्रॉसमेंबर, डावा मॅनिफोल्ड ते स्टिअरिंग शाफ्ट, मागे बेल हाउसिंग ते केबिन. गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर मागे सरकवून नवी भोकं पाडावी लागली.

टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा भाग) बसवणं इथली सगळ्यात नाजूक पायरी. तो फिरवत आत ढकलायचा आणि पंपाचे दात धरेपर्यंत टप्प्याटप्प्याने आत जाऊ द्यायचा. गिअरबॉक्स इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (क्रँकच्या मागची चकती) ⅛ ते ³⁄₁₆ इंच अंतर उरलं पाहिजे. अंतर नसेल तर थांबा. बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून दोन भाग जवळ आणले, तर पंपच फुटतो, आणि ते गाडी सुरू झाल्यावर कळतं. मॅन्युअल गाडीच्या रेडिएटरला ट्रान्समिशन कूलर नसतो, म्हणून रेडिएटर बदलताना कूलर असलेलाच घेतला.

शाफ्ट नवा करून घेतला. माप घेताना गाडी चाकांवर उभी. योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) पूर्ण आत ढकलून मग पाऊण ते एक इंच बाहेर काढलेला. आउटपुटचे २७ दाते टीएच-३५० या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससारखेच, त्यामुळे योक सहज मिळतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली झुकलेले होते. डिफरन्शियलचा पिनियन तेवढाच वर हवा, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन एकमेकांचा परिणाम रद्द करतात. हे चुकलं तर ताशी ६० मैलांच्या आसपास सीटखाली थरथर येते. चाकं कितीही बॅलन्स करा, ती जात नाही.

१९७२ पर्यंत सी-१० ची पेट्रोल टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते. ती काढली. मागे चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये, हौद्याखाली नवी टाकी आणि आतच पंप, ताशी २५५ लिटरचा. २००२ च्या फ्युएल रेलवर रेग्युलेटर आणि रिटर्न असतो, म्हणून जाताना ⅜ इंच आणि परत ⁵⁄₁₆ इंच अशा दोन लाइन ओढल्या. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून गेजवर ५८ पीएसआय बघायचं. कार्बोरेटरची रबरी नळी या प्रेशरला फुटते आणि ती गरम एक्झॉस्टजवळ असते. इंजेक्शनसाठीची ३०आर९ छापलेली नळी आणि इंजेक्शनचेच क्लॅम्प वापरा. इथे कोणतीही काटकसर मला मान्य नाही.

पाण्याच्या बाजूला दोन सवयी बदलाव्या लागतात. एलएस इंजिनचा (एलएम-७ याच घराण्यातलं) थर्मोस्टॅट पंपात पाणी शिरतं त्या बाजूला असतो. हीटर जोडला नसेल तर हीटरचे दोन्ही तोंड बुच मारून बंद करू नका, एका होजने एकमेकांना जोडा. गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत फिरायला हवं. दुसरं, हेडच्या वरून निघणारी बारीक वाफेची नळी. ती रेडिएटरच्या वरच्या भागात सोडली. ती बंद केली तर हेडात हवेचा फुगा अडकतो, काटा एकदम वर जातो आणि परत येतो. भरताना गाडीचं तोंड उंच ठेवलं.

वायरिंगचं लोकांना भय वाटतं, पण इंजिन चालवायला लागणाऱ्या तारा थोड्याच आहेत. नारिंगी तारा बॅटरीच्या कायमच्या, गुलाबी चावीच्या, हिरवी-पांढरी पेट्रोल पंपाच्या रिलेची, पांढरी टॅकोमीटरची, तपकिरी-पांढरी चेक इंजिन दिव्याची, जांभळी स्कॅनर जोडायच्या सॉकेटची. बाकीची बॉडीची वायरिंग हार्नेसमधून सोडवून काढली. टॅकोमीटरला पीसीएम चार सिलिंडरच्या हिशेबाने सिग्नल देतो. आठवर ठेवलं तर अर्धे आरपीएम दिसतात.

खरी अडचण गुलाबी तारेची. पीसीएमला चावी ‘चालू’वर असतानाही १२ व्होल्ट हवेत आणि सेल्फ मारतानाही. अॅक्सेसरीच्या टर्मिनलवर जोडलं तर सेल्फ मारताच वीज जाते, इंजिन फिरत राहतं आणि पेटत नाही. याहून फसवी जुन्या इग्निशन कॉइलची तार. १९७२ मध्ये डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट होते, आणि पॉइंट जळू नयेत म्हणून कॉइलपर्यंतची तार मुद्दाम रेझिस्टन्सची दिलेली. दिसायला ती नेहमीच्या तारेसारखी, कापडी वेष्टणाची. मल्टिमीटरवर भार नसताना १२ व्होल्ट दाखवते, पीसीएम जोडला की व्होल्टेज खाली. मी चावीच्या स्विचवरूनच नवी तार काढून तिने रिले चालवला आणि रिलेला थेट बॅटरीचा पुरवठा दिला.

जुन्या ऑल्टरनेटरचा रेग्युलेटर बाहेर, इनर फेंडरवर असतो. तो काढून टाकला. नव्याचा आत असतो, पण त्याच्या ‘एल’ टर्मिनलला चार्जिंगच्या दिव्यातून किंवा रेझिस्टरमधूनच वीज द्यायची. थेट १२ व्होल्ट दिले तर आतला रेग्युलेटर जळतो. ऑल्टरनेटर ते बॅटरी ४ गेजची तार आणि मेगा फ्यूज. जुनी तार १०५ अँपिअर वाहू शकत नाही. आणि अर्थिंग: बॅटरी ते ब्लॉक, ब्लॉक ते चेसिस, ब्लॉक ते केबिन, तिन्ही जागी रंग खरवडून. केबिन रबरावर बसते, तिला आपोआप अर्थ मिळत नाही. न समजणाऱ्या निम्म्या तक्रारी इथे संपतात.

पीसीएममध्ये चोरीरोधक व्यवस्था बंद करावी लागते, नाहीतर इंजिन पेटून लगेच बंद पडतं. त्याच वेळी मागचे ऑक्सिजन सेन्सर, टायरचा घेर, ३.७३ चा डिफरन्शियल रेशो आणि इलेक्ट्रिक फॅनचं तापमान भरून घेतलं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंजेक्टरचा फ्यूज काढून गेजवर ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारला, दर वेळी दहा सेकंद आणि मध्ये विश्रांती. गिअरबॉक्सला कोरड्या कन्व्हर्टरसह सुमारे ११ क्वार्ट तेल लागतं. आधी ५ घालून इंजिन चालू केलं आणि उरलेलं चालू इंजिनवर दांडीवर मोजत भरलं. या गिअरबॉक्सला केबलचा स्पीडोमीटर जोडता येत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक मीटर घ्यावा लागला. शेवटी व्हील अलाइनमेंट, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) ४ अंशांच्या आसपास. पन्नास मैलांनंतर मॅनिफोल्ड, शाफ्ट आणि ट्रेलिंग आर्मचे सगळे बोल्ट पुन्हा पान्याने तपासले. मॅनिफोल्डचे दोन ढिले निघाले, बाकी जागेवर होते.