मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवू का?

"तुम्ही गाडीला मागे डिस्क बसवल्या होत्या म्हणे. आम्हीपण बसवाव्या का?" वर्षातून आठ-दहा जण तरी हे विचारतात. कुणी लग्नात जेवणाच्या पंगतीत, कुणी पेट्रोल पंपावर. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळंच सांगतो. बसवल्या होत्या हे खरं आहे. दीड पावसाळा चालवल्या आणि काढून टाकल्या, हे मात्र विचारणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सुरुवात आंबा घाटात झाली. कोल्हापुरातून रत्नागिरीला निघालो होतो, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या रिकाम्या पेट्या. गाडी माझी जुनी छोटी हॅचबॅक, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली, पुढे डिस्क (उघडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात) आणि मागे ड्रम (बंद डबा, त्याला आतून लायनर घासतात). घाट उतरताना मी पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकत होतो (न्यूट्रलमध्ये इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर; हसा, हसायचा हक्क आहे तुम्हाला). निम्मा घाट उतरल्यावर जळका वास यायला लागला आणि दोन वळणांनंतर पेडल लोण्यात पाय घालावा तसं खाली गेलं. सेकंड, मग फर्स्ट गिअर टाकत, हॅण्डब्रेक ओढत कशीबशी साखरपा गाठली. तिथं अर्धा तास चहा पीत बसलो आणि उठून बघतो तर पेडल पुन्हा कडक! मी तिथल्या तिथं ठरवलं की दोष ड्रमचा. जुनाट वस्तू, बदलून टाकायची.

माझं आयुष्य गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बिडाच्या कास्टिंगला टर्न मारण्यात गेलंय. हाताशी लेथ असली की जगातली कुठलीही वस्तू कुठंही बसवता येईल असं वाटायला लागतं. भंगारातून एका मोठ्या सेडानचे मागचे कॅलिपर (डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारे) आणले, हॅण्डब्रेकची लिव्हर असलेले. डिस्कचं मधलं भोक हबच्या मापाला काढलं. बारा मिलिमीटर प्लेटचे ब्रॅकेट उद्यमनगरात कापून घेतले, भोकं मी पाडली. चाक चढवलं तर तेरा इंची रिम कॅलिपरला घासायला लागली, म्हणून चौदाच्या रिमा आणि नवे टायर घ्यावे लागले. खर्चाचं विचारू नका, घरी अजून खरा आकडा माहीत नाही. पण चाकाच्या आरांतून चकचकीत डिस्क दिसायला लागली तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, नाद खुळा!" आणि मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

पहिली ट्रायल रविवारी, एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर घेतली. पाऊस भुरभुरत होता. पन्नासच्या वेगात ब्रेक दाबला आणि गाडीचं मागचं अंग गाडी सोडून पुढं जायला निघालं. मागची दोन्ही चाकं जाम, पुढची अजून फिरतायत, आणि मी अर्धा वळून समोरच्या कारखान्याच्या गेटकडे तोंड करून उभा. वॉचमन बाहेर येऊन बघून गेला. समोरून ट्रक येत असता तर हे लिहायला मी नसतो.

असं का झालं ते घरी येऊन कागदावर मांडलं. हे गाडीला हात लावायच्या आधी करायला पाहिजे होतं.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं सरकतं. बुलेटवर मागं बसलेला माणूस चालवणाऱ्याच्या पाठीवर आदळतो, तसंच. पुढची चाकं रस्त्यावर दाबली जातात, मागची हलकी होतात. हलक्या चाकाला जोराचा ब्रेक दिला तर ते जाम होतं, आणि मागचं चाक पुढच्याच्या आधी जाम झालं की गाडी फिरते. म्हणून कंपनी मागचा ब्रेक मुद्दाम बेताचा ठेवते. थांबवण्याचं मोठं काम पुढच्या चाकांचं असतं. मागच्यानं साथ द्यायची, सरळ राहायचं आणि हॅण्डब्रेकला गाडी धरायची.

आता माझी करामत बघा. ड्रममध्ये लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा व्यास होता १९ मिलिमीटर, आणि भंगारातल्या कॅलिपरचा पिस्टन ३८. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, त्यामुळे त्याच ब्रेक ऑइलच्या दाबाला पिस्टनवरचा जोर चौपट. ड्रमची एक खुबी असते, तिच्यामुळे फरक प्रत्यक्षात इतका मोठा पडत नाही. ड्रम फिरताना पुढचा लायनर स्वतःच ड्रमकडे ओढला जातो, दाराखालच्या पाचरीसारखा. दार जितकं ढकलाल तितकी पाचर घट्ट बसते. डिस्कला अशी फुकटची मदत नाही, तिथं सगळा जोर पिस्टननंच द्यायचा, म्हणून तो मोठा लागतो. ही पाचरीची मदत धरूनही माझ्या हिशेबात मागचा ब्रेक जवळपास दीडपट जड झाला होता. शिवाय मोठा पिस्टन ऑइल जास्त पितो. पेडलनं ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच, त्यामुळे पेडल आधीपेक्षा खोल जायला लागलं होतं. ऑइलच्या लायनीत हवा राहिलीय असं समजून मी तीन वेळा निपल उघडून हवा काढली. हवा नव्हतीच.

मग मागच्या लायनीत स्क्रूचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकला, मागचा दाब कमी करणारा. अर्धा-अर्धा आटा फिरवत, रस्त्यावर चुन्याची रेघ मारून, पुढची चाकं आधी जाम होतील इथवर आणलं. आणि गाडी थांबायला लागली कुठं, तर ड्रम असताना थांबायची जवळपास तिथंच. म्हणजे मोठे ब्रेक बसवायला पैसे घातले आणि ते लहान करायला आणखी पैसे घातले.

राहता राहिला हॅण्डब्रेक. पन्हाळ्यावर चढावर गाडी लावली आणि जेवून आलो तर ती वीतभर मागे सरकून दगडाला टेकलेली. चढून आल्यावर डिस्क तापलेली असते. गार झाली की आकसते आणि पॅडची पकड ढिली होते. ड्रममध्ये पकडीसाठी लायनर मोठा असतो आणि पाचरही कामाला येते, म्हणून जुनी खटारादेखील चढावर दगडासारखी उभी राहते.

ड्रम म्हणजे मागासलेपण असं समजणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की फोक्सवॅगननं आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे मुद्दाम ड्रम दिलेत. वेग कमी करायचं बरंचसं काम तिथं मोटरच करते, आणि न वापरलेली उघडी डिस्क गंजते. कोकणात गाडी ठेवणाऱ्यानं मागच्या डिस्कवरची तांबूस साय आणि कॅलिपरच्या अडकलेल्या पिना बघितलेल्या असतात. याचा अर्थ डिस्क वाईट असा नाही. पाणी भरलेल्या रस्त्यातून निघाल्यावर डिस्क लगेच सुकते, ड्रम बराच वेळ रुसलेला असतो. सततच्या उतारावर डिस्क उष्णता पटकन सोडते. तुमच्याच मॉडेलला कंपनीनं कधी मागे डिस्क दिली असेल आणि हब, कॅलिपर, केबल, मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह असा सगळा संच मिळत असेल, तर निदान ते यंत्र म्हणून बरोबर बसतं. एबीएस असेल तर मात्र माझ्यासारखा जुगाड नकोच. त्याचं गणित कंपनीच्या ब्रेकवर बेतलेलं असतं.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणीतले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकानं करायचा नाही. 'ब्रेक कुठं आरसीवर छापलेत?' असं म्हणणारे भेटतील. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा हे म्हणणारे जवळ नसतात.

मग आंबा घाटात काय झालं होतं? ब्रेक ऑइल उकळलं होतं, आणि तेही बहुधा पुढच्या कॅलिपरमध्ये, जिथं खरी आग असते. ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १४० वर आलं तरी ते मानकात बसतं. माझं चार वर्षं बदललेलं नव्हतं. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली. गार झालं, वाफेचं पुन्हा ऑइल झालं, पेडल वर. बिचाऱ्या ड्रमचा यात काय संबंध? त्यांचा एकच दोष निघाला. डाव्या चाकातला, लायनर ड्रमजवळ ठेवणारा ॲडजस्टर गंजून बसला होता, त्यामुळे लायनर ड्रमपासून लांब राहत होते. मीच कधी उघडून बघितलं नव्हतं.

परवा भाचा आला. "मामा, तुमच्या त्या डिस्क माळ्यावर पोत्यात पडून आहेत ना? मला द्या, माझ्या गाडीला टाकतो." मी पोतं काढलं नाही. त्याची गाडी घोडीवर घेतली, चाक काढलं, ड्रम ओढून काढला. आतली धूळ हवेनं उडवायला निघाला होता, हात धरला आणि ओल्या फडक्यानं पुसायला लावली. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असतो, तो छातीत जायला नको. ॲडजस्टरचं दातेरी चाक हलेना. पेट्रोलनं धुतलं, आट्यांना ग्रीस लावलं, ड्रम हाताने फिरवताना लायनर जेमतेम घासतोय इथवर आणलं. दुसऱ्या चाकाचंही तेच. मग ऑइल बदलून हवा काढली. तो पेडलवर, मी निपलवर. आधी हॅण्डब्रेक ओढला की नऊ टिक वाजायचे. आता पाचव्याला गाडी धरते. हात धुऊन तो म्हणाला, "बरं झालं मामा, पण दिसायला डिस्क भारी दिसतात हो." ते मला नाकारता आलं नाही.