सगळ्यांचा वाढदिवस १ जून

ओरल पॅथॉलॉजीत (तोंडाच्या आणि दातांच्या आजारांचा विषय) एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करताना डिझर्टेशनला, म्हणजे प्रबंधाला, मी दातातल्या अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिडवरून वय काढण्याचा विषय घेतला. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) पास झाल्यावर बॅचमधले सगळे म्हणाले, "मशीनपायी जीव जाणार तुझा." मशीनने फारसा त्रास दिला नाही. जीव काढला तो जन्मतारखांनी.

विषय थोडक्यात सांगते. आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं जवळजवळ सगळी 'एल' रूपातली असतात. ग्लायसीन सोडलं तर प्रत्येकाचं एक उलटं 'डी' रूपही असतं. डावा आणि उजवा हात असतो तसं. काळ जातो तसे काही एल रेणू आपोआप उलटून डी होतात, आणि या आम्लांपैकी अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड या बाबतीत बरंच पुढे आहे. कातडी, स्नायू यांतली प्रथिनं सारखी बदलत असतात, त्यामुळे तिथे डी साठत नाही. हाडसुद्धा आयुष्यभर थोडं थोडं झिजवून नव्याने भरलं जातं, म्हणून हाडावरून काढलेलं वय जास्त डळमळतं. दात मात्र एकदा बनला की बनला. हेल्फमन आणि बाडा यांनी १९७५ मध्ये इनॅमलमध्ये (दाताचं वरचं कठीण कवच) आणि १९७६ मध्ये डेंटिनमध्ये (त्याच्या आतला भाग) हा बदल मोजला. त्यांच्या हिशेबाने साठीपर्यंत सुमारे ८ टक्के अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड डी झालेलं असतं. पुढे जपानमध्ये ओतानी यांनी डेंटिनवर बरंच काम केलं. नीट केलं तर उत्तर तीनेक वर्षांच्या फरकात येतं, आणि प्रौढ माणसाच्या बाबतीत ही चैनच आहे. आपल्याकडे वयाचा प्रश्न आला की मनगटाचा, कोपराचा एक्स-रे काढतात, पण हाडांची टोकं जुळून गेली की तिशीचा माणूस आणि चाळिशीचा माणूस त्यात सारखेच दिसतात.

खरी गोम अशी की मशीन वय सांगत नाही. ते फक्त डी आणि एल यांचं गुणोत्तर देतं. वयाशी त्याची सांगड घालायला आधी पक्क्या वयाचे दात लागतात, तेही एकाच प्रकारचे, कारण पहिली दाढ आणि अक्कलदाढ यांच्या घडणीत काही वर्षांचं अंतर असतं. मी पहिले प्रीमोलर, म्हणजे सुळ्याच्या लगेच मागचे दात, घेतले. ब्रेसेससाठी तेच काढतात, त्यामुळे पोराटोरांचे दात आणि त्यांचे जन्मदाखले भराभर मिळाले.

पन्नाशीच्या पुढे गाडी अडली. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये पाहावं तो १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली, ती दाखल्यावर गेली, दाखल्यावरून आधार कार्डावर. सालही त्याच अंदाजाचं. पायोरियाने हललेला दात काढायला एक आजी आल्या होत्या. आधारवर १ जून १९५५.

"आजी, ही तारीख खरी का?"

"मला काय ठावं बाळा. पानशेत फुटलं तवा मी पाळण्यात हुते, आई सांगायची."

पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे कागद आणि पाळणा यांत पाच-सहा वर्षांची तफावत. कराडकडचे एक आजोबा कोयनेच्या भूकंपात शाळेची भिंत पडल्याचं सांगत होते, आणि ते साल १९६७. मला या आठवणी आधार कार्डापेक्षा जास्त भरवशाच्या वाटायच्या. गाइड मॅडम मात्र ठाम होत्या: ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मनोंदीचा उतारा असेल तरच दात धरायचा. त्यामुळे बरेच चांगले दात बाजूला पडले.

दुसरं भांडण ऑटोक्लेव्हवरून. काढलेला दात ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय, म्हणजे तापलेल्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय, द्यायचा नाही, असं सिस्टरांचं म्हणणं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पण एलचं डी होण्याची क्रिया उष्णतेने वेगात चालते. १२१ अंशांत शेकलेल्या दाताने सांगितलेलं वय मी कोणत्या तोंडाने लिहायचं? शेवटी कमिटीकडून लेखी परवानगी आणली आणि दात थेट फ्रीजरमध्ये गेले.

लॅबमधलं काम मला आवडलं. दात हिऱ्याच्या पात्याने, पाण्याच्या धारेखाली, अगदी संथपणे उभा चिरायचा. पातं जरा जोरात चाललं की ड्रिलिंगच्या वेळी येतो तो जळका वास येतो. वास आला की थांबायचं. इनॅमल आणि सिमेंटम (मुळावरचा थर) काढून टाकायचं, उरलेलं डेंटिन सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, पाणी, अल्कोहोल आणि ईथरमध्ये धुवायचं आणि अकीकाच्या खलात कुटायचं. मग ती पूड तीव्र अ‍ॅसिडमध्ये १०० अंशांवर सहा तास. या तापवण्यातही थोडं एलचं डी होतंच. ते टाळता येत नाही, म्हणून प्रत्येक नमुन्याला तेच तापमान आणि तेवढाच वेळ द्यायचा. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या त्या मशीनच्या, कॉलममधून (बारीक नळीतून) आधी डीचं बारकं पीक (आलेखावरचं टोक) येतं, मागून एलचं मोठं. लॅबमधल्या दादांनी पहिला आलेख बघून विचारलं होतं, "एवढ्याशा टोकावरून वय?" हो, एवढ्याशाच.

कॅलिब्रेशनची, म्हणजे गुणोत्तरावरून वय सांगणारी, रेषा बसल्यावर आजींचा दातही चालवून पाहिला. उत्तर पानशेतच्या बाजूने झुकलं. थीसिसमध्ये ते घातलं नाही, एका दातावरून कुणाचं साल ठरवू नये.

कोर्टात याचा रोजचा उपयोग लगेच होईल असं मला वाटत नाही. बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, मग नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. म्हणजे गुरुजींचा १ जून तिथेही पहिल्या रांगेत. अनोळखी प्रौढ मृतदेहांसाठी मात्र ही पद्धत कामाची आहे, फक्त मृतदेह जळालेला होता का हे सगळ्यात आधी विचारायचं.

कुणी ज्युनिअर हा विषय घेत असेल तर सेकंड इयरची वाट न बघता दात जमवायला लागा. आणि जन्माचा उतारा दात काढायच्या आधी मागा. दुखणं थांबल्यावर पेशंट कागद घेऊन परत येत नाही.