रात्री कुठे असाल?

सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थनाविधी, आटोपून मी झगा उतरवत होतो, तेवढ्यात मावशी सॅक्रिस्टीच्या, म्हणजे चर्चमधल्या आमच्या तयारीच्या खोलीच्या, दारात येऊन उभ्या राहिल्या. 'फादर, कळव्याच्या पुलापलीकडचं चर्चही तुमच्याकडे येणार म्हणे. ह्यांना रात्री काही झालं आणि मी फोन केला, तर तुम्ही कुठे असाल?' मी 'कधीही बोलवा, येईन' म्हणालो आणि त्या निघून गेल्या. पण त्यांनी विचारले होते कुठे, आणि त्याचे उत्तर मी दिलेच नाही.

१९८३च्या कॅनन लॉचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचे, ५२६वे कलम सांगते की प्रमुख धर्मगुरूकडे एकाच धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या समुदायाची, जबाबदारी असावी. मात्र धर्मगुरू कमी असल्यास किंवा अन्य कारणांमुळे शेजारचे अनेक धर्मग्राम एकाकडे सोपवता येतात. नेमणुकीचे पत्र आल्यापासून माझे मन त्या 'मात्र'पाशी अडून बसले आहे. हक्काने ठोठावले जाईल असे ठाण्यातले एक दार माझे होते, तेही आता अर्धेच उरणार, असे सारखे वाटते. ५३४व्या कलमाने मला सवलतही दिली आहे: दर रविवारी आपल्या लोकांसाठी जी मिस्सा अर्पण करावी लागते, ती दोन्ही धर्मग्रामांसाठी मिळून एकच पुरते. देवापुढे ती पुरते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. परंतु आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावायला हेच दोन हात न्यावे लागतात, आणि ते एका वेळी एकाच घरी पोहोचतात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेचा विषय मी अजून कोणाकडेच काढलेला नाही.

दुपारी तिकडच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पाहायला बसलो. बाप्तिस्मा घेतलेल्याचे पुढे लग्न कधी आणि कोणत्या चर्चमध्ये झाले, हे त्याच नोंदीच्या समासात लिहून ठेवतात. एका समासात फिकट निळ्या शाईत आमच्या चर्चचे नाव दिसले, चार पानांनंतर काळ्या शाईत पुन्हा, आणि मग मी तेच शोधत पाने उलटत राहिलो. तिकडची मुले आमच्या वेदीपुढे उभी राहून गेली होती, मी इथे येण्याच्या कितीतरी आधी.

रात्री साडेबाराला स्कूटर घेऊन तिकडच्या फाटकापासून मावशींच्या इमारतीपर्यंत आलो. पूल मोकळा होता. २१ मिनिटे लागली. त्यांच्या खिडकीत दिवा जळत होता. आठवड्यातल्या ज्या तीन रात्री मी पलीकडे झोपेन, त्या रात्री एवढाच वेळ लागेल, हे उद्या मिस्सेनंतर त्यांना सांगायचे आहे.