आमची वाटचाल : आवाज शोधायचे पैसे वेगळे

आबांनी बेळगाव-निपाणी पट्ट्यात हायवेच्या कडेला ट्रकच्या कमानपाट्याचं (चाकांचे हादरे झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांचं) काम सुरू केलं, तेव्हा पत्र्याची एक शेड, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), एक जॅक आणि घण एवढंच भांडवल होतं. हायवेचा नंबर तेव्हा चार होता, आता अठ्ठेचाळीस आहे. सुवर्ण चतुष्कोनात रस्ता चौपदरी झाला तेव्हा सगळे म्हणाले, आता पाटे तुटायचे नाहीत, तुमचा धंदा बसणार.

बसला नाही, कारण आमच्याकडच्या गाड्या नुसत्या हायवेवर कुठं धावतात? गळीत हंगामात त्या चिकोडी-रायबागच्या उसाच्या फडात असतात आणि पावसाळ्यात भाजी भरून चोर्ला घाटानं गोव्याला उतरतात. भरलेली गाडी फडातून बाहेर पडताना एक पुढचं चाक सरीत आणि दुसरं बांधावर असतं. शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) आणि बुश (सांध्यातली झिजणारी नळी) यांचा निकाल तिथंच लागतो. त्यात जुलै २०१८ मध्ये दोन अॅक्सलच्या ट्रकचं पासिंग, म्हणजे मालासकट कायद्यानं चालणारं एकूण वजन, १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं आणि जुन्या गाडीचा मालकही त्याच हिशेबानं भरायला लागला. पाटे मात्र जुनेच.

मी काम हातात घेतलं तेव्हा या लायनीत एकच रीत होती. पुढनं आवाज आला की शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) बदला, गेला नाही तर टाय रॉड एंड (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक), मग बुश. आवाज आपोआप कधीतरी जायचा आणि तोवर मालकाच्या खिशाला भोक पडलेलं असायचं. मला ही रीत पहिल्यापासून पटली नाही. मी ठरवलं, आधी आवाज शोधायचा आणि त्या शोधायचे पैसे बिलात वेगळे लावायचे. आबांना ते आवडलं नाही. “नुसतं ऐकायचं कुणी पैसे देतं होय?” म्हणाले. गिऱ्हाईकही तेच म्हणायचं. मग मी अट घातली : सापडला नाही तर एक रुपया देऊ नका.

आमच्याकडं गाडी आली की जॅक लावत नाही, आधी ड्रायव्हरला बोलू देतो. “मिस्त्री, पुढनं दणादण वाजायलंय बघा.” “कधी वाजतंय अण्णा? ब्रेकला, वळणाला, का ब्रेकरवर?” या एका उत्तरात अर्धं काम होतं. ब्रेक मारताना एकदाच ठक्क आणि सोडून गाडी काढताना पुन्हा ठक्क, तर अॅक्सल पाट्याखाली सरकतोय किंवा पाट्याच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल भोकातला) बुश गेलाय. उभ्या गाडीत स्टेअरिंग हलवताना वाजलं तर ड्रॅग लिंक (स्टेअरिंगचा जोर चाकाकडं नेणारा दांडा), टाय रॉड, किंग पिन (चाक ज्यावर वळतं ती जाड खीळ). बारीक खड्ड्यात सारखं टकटक, तर शॉकअपचे बुश. आणि कधीकधी टूल बॉक्समधला सुटा जॅकच वाजत असतो. हसू नका, तेही बघतो.

टाय रॉड आणि ड्रॅग लिंक चाकं जमिनीवर ठेवूनच बघायची. जॅकवर घेतली की वजन सुटतं आणि वजनाखाली वाजणारा सांधा गप्प बसतो. एकानं स्टेअरिंग डावं-उजवं थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्यानं सांध्यावर बोटं ठेवायची. प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतो. किंग पिनला मात्र अॅक्सल उचलावाच लागतो. टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक वर-खाली हलवायचं आणि ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंग पिनचा. एवढी तपासणी न करता किंग पिन काढणारे आजही आहेत. बुश दाबून बसवणं, रीमर मारणं (भोक मापाला आणणं), लेथवाल्याकडं हेलपाटे, आणि शेवटी बेअरिंगचं नट आवळायचं होतं एवढंच!

उसाची एक गाडी आठवते. शॉकअप नवे, टाय रॉड एंड नवे, तरी ब्रेकला ठक्क. मी शेडमधल्या, गाडी खालून बघायच्या खड्ड्यात उतरलो आणि ड्रायव्हरला सांगितलं, थोडी पुढं घ्या, ब्रेक मारा, मागं घ्या, ब्रेक मारा. डाव्या बाजूला पाट्याच्या बैठकीशी गंज घासून चकचकीत झालेली एक पट्टी होती. जिथं हलू नये तिथं लोखंड चमकत असेल, तर ते हलतंय. दोन्ही बाजूंनी पुढच्या हबपासून (चाकाच्या मध्यापासून) मागच्या हबपर्यंत टेप लावला, डावी बाजू कमी भरली, म्हणजे अॅक्सल तिथं सरकला होता. खोलून बघितलं तर सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरून अॅक्सलवर जागेवर ठेवणारा) कापला होता. मागं कधीतरी पाटे भरताना यू बोल्ट (पाटे अॅक्सलला आवळून धरणारे) रिकाम्या गाडीवर आवळून सोडून दिले होते, लोड पडल्यावर ते ढिले झाले आणि सगळा भार त्या एका बोल्टवर आला. आम्ही सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे घातले, जुना यू बोल्ट ताणलेला असतो, तो परत वापरत नाही. वजन चाकांवर असताना तिरके-तिरके आवळले आणि एक खेप झाल्यावर परत आवळायला बोलावलं. त्या परत आवळण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

त्या मालकानं ‘आवाज शोधणे’ ही बिलातली ओळ वाचली आणि काही न बोलता पैसे मोजले. पुढं त्याच्याच ओळखीनं गोव्याच्या खेपा करणाऱ्या गाड्या यायला लागल्या. आता शेड दुप्पट आहे, दोन खड्डे आहेत, माझा पुतण्या आणि चार पोरं आहेत. पुतण्याला सांध्यासांध्यावर चिमट्यानं माईक लावून चालत्या गाडीत हेडफोनवर ऐकायचं यंत्र घ्यायचंय. घेऊ दे. फक्त आधी बोटं लावून सांगायचं आणि मग माईकनं ताडून बघायचं, असं त्याला सांगितलंय.

उसाच्या गाडीवाल्यांनी शक्यतो दसऱ्याच्या आधी या. नंतर फड सुरू झाले की खड्ड्यावर नंबर लागतो, आणि घाईत आवाज सापडत नाही.