गांजाच्या गुन्ह्यात अडकलेली पिकअप सोडवताना

सांगोल्याची डाळिंबं हैदराबादला टाकून आमची पिकअप मोकळी परत येत होती. ड्रायव्हरने वाटेत एक प्रवासी घेतला आणि नाक्यावर त्याच्या पोत्यात गांजा निघाला. प्रवासी आरोपी झाला, ड्रायव्हर साक्षीदार, आणि गाडी मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात. बँकेचे हप्ते चालूच.

"एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थविरोधी कायद्यात) गाडी सुटत नाही, केस संपेपर्यंत विसरा," असं ज्याने त्याने सांगितलं. हे ऐकून किती मालक घरी बसत असतील! म्हणून हे लिहिते आहे.

1985 च्या या कायद्याच्या कलम 60 नुसार अमली पदार्थ वाहून नेणारं वाहन सरकारजमा होऊ शकतं. मात्र मालकाला, त्याच्या माणसाला आणि गाडी ज्याच्या हाती होती त्यालाही काही ठाऊक नव्हतं, शिवाय प्रत्येकाने वाजवी खबरदारी घेतली होती, हे मालकाने सिद्ध केलं तर गाडी वाचते. "मला माहीत नव्हतं" एवढ्यावर भागत नाही. आणि आरोपी निर्दोष सुटला तरी गाडीचा निर्णय कलम 63 खाली वेगळाच होतो. त्यासाठी जप्तीनंतर महिनाभर थांबावं लागतं आणि हक्क सांगणाऱ्याचं ऐकून घ्यावंच लागतं.

वकीलसाहेबांनी एक गोष्ट पक्की समजावली: सरकारजमा होणं वेगळं, खटला चालू असताना सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टात परत हजर करण्याच्या हमीवर, ताबा मिळणं वेगळं. ताब्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 आणि 503 खाली अर्ज करायचा. आमचा पहिला अर्ज फेटाळला गेला. एनडीपीएसच्या कलम 52-अ खाली जप्त मालाची विल्हेवाट लावणारी समिती गाडीचं बघेल, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. गाडी लिलावात जाते की काय, या धास्तीने झोप उडाली.

मग 7 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा बिश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य हा निकाल आला. तिथेही ट्रकमधल्या प्रवाशाकडे हेरॉइन सापडलं होतं. मालक आणि ड्रायव्हर आरोपी नव्हते. या कायद्यात वाहनाचा तात्पुरता ताबा देण्यावर सरसकट बंदी नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. स्वतः मालक किंवा त्याचा ड्रायव्हर आरोपी असेल तर मात्र गाडी सहसा सुटणार नाही, हेही त्यात आहे. आमची केस हुबेहूब त्या ट्रकसारखी.

दुसऱ्या अर्जाला आरसी, विमा, परमिट, फायनान्सवाल्यांचं ना-हरकत पत्र, जातानाची बिल्टी (माल वाहतुकीची पावती), अडत्याची पट्टी (माल विकल्याचा हिशेब) आणि जीपीएसची नोंद जोडली. माझ्या मते खरं काम जीपीएसने केलं. गाडी ठरल्या रस्त्याने आली, कुठे आडवाटेला थांबली नाही, हे त्यात मिनिटागणिक दिसत होतं.

आदेश झाला. बंधपत्र दिलं, दिरांनी जामीनदार म्हणून सातबारा दिला. गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की कोर्टात हजर करायची. ताबा घेताना हवालदारांनी चॅसिस नंबरवरची माती कापडाने पुसली, फोटो काढले, पंचनामा केला. गवत बॉनेटपर्यंत आलेलं, बॅटरी बसलेली, उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं. ओढूनच न्यावी लागली.

खटला अजून चालू आहे. कलम 63 ची सुनावणी पुढे होईल, म्हणून मूळ बिल्टी आणि पट्टी जपून ठेवली आहे. तुमची गाडी जप्त झाली तर जीपीएसवाल्याकडून त्या दिवसाची नोंद लगेच छापून, सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. नोंदी कायम ठेवतीलच असं नाही.