पाठवणी मांडवातच बघावी : वेस्टलाइफचा निरोप, डब्लिन, जून २०१२

वेस्टलाइफ हा आयर्लंडच्या चौघांचा गाणारा गट थांबणार ही बातमी १९ ऑक्टोबर २०११ ला आली, तेव्हा मी मँचेस्टरला नोकरीला होते. त्याच रात्री नाशिकहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. २००० साली तिच्या खोलीत आम्ही त्यांच्या कॅसेट ऐकायचो. इंग्रजी शब्द नीट कळायचे नाहीत, म्हणून थांबवून थांबवून ऐकायचं आणि ऐकू येईल तसं वहीत देवनागरीत उतरवायचं. ती वही तिने अजून जपून ठेवली आहे.

मी म्हटलं, निरोपाचा दौरा मँचेस्टरलाही येतोय, तू ये, ट्रामने जाऊन बघून येऊ. तर म्हणाली, "अगं, पाठवणी मांडवात बघायची असते. वाटेतल्या टोलनाक्यावर नाही." दौऱ्याचा शेवट डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर होता. चौघांपैकी निकी बर्न डब्लिनचाच. शेन फिलन, कीअन ईगन आणि मार्क फीहिली हे तिघं स्लायगोचे, म्हणजे तिथून रेल्वेने तीन तासांवरच्या गावचे. ताईचं म्हणणं मला तेव्हा जरा हट्टाचं वाटलं होतं. आज मात्र, कुठल्याही गायकांच्या शेवटच्या दौऱ्याला कुठे जावं असं कोणी विचारलं, तर मी तिचंच वाक्य सांगते.

शनिवार २३ जूनची तिकिटं काही मिनिटांत संपली. आम्हाला मिळाली ती शुक्रवार २२ जूनची. मागणी पाहून वाढवलेला हा कार्यक्रम. पुढे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: अशा मैदानी कार्यक्रमांना दुसरी रात्र वाढण्याची शक्यता बरीच असते. पहिली हुकली म्हणून त्याच संध्याकाळी काळ्या बाजारात चौपट पैसे घालू नका, थोडा धीर धरा. आयर्लंडमध्ये २०२१ च्या कायद्याने मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं छापील किमतीपेक्षा जास्त दराने परत विकण्यावर बंदीही आली आहे. कोणी दुप्पट दर सांगत असेल तर तिथूनच मागे फिरा.

आता व्हिसा. यातच लोक सगळ्यात जास्त अडकतात. आयर्लंड ब्रिटनमध्ये नाही, शेंगेनमध्येही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतही, नाही. मँचेस्टरहून डब्लिनला विमान तासाभरात पोचतं, पण उतरल्यावर भारतीय पासपोर्टवर आयर्लंडची परवानगी दाखवावी लागते. आमच्या बाबतीत गंमत अशी झाली की पाहुणी म्हणून आलेल्या ताईला वेगळा व्हिसा लागला नाही, कारण २०११ च्या जुलैपासून ब्रिटनच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर भारतीयांना आयर्लंडची सवलत सुरू झाली होती. मी मात्र कामाच्या व्हिसावर तिथे राहणारी, त्यामुळे मला रीतसर अर्ज करावा लागला. नियम पुढे बदलले आहेत. २०१५ पासून भारतीयांसाठी दोन्ही देशांची एकत्र योजना आहे. तिच्यात ज्या देशाचा व्हिसा घेतलाय तिथे आधी उतरावं लागतं, आणि व्हिसावर त्या योजनेची खूणही असावी लागते. म्हणून तिकीट काढण्याआधी आयर्लंडच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या व्हिसाचा प्रकार स्वतः वाचून घ्या. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. त्याचा व्हिसा वेगळा असतो.

आम्ही विमान सोडून बोटीने गेलो आणि मला ते फार आवडलं. मँचेस्टरहून वेल्समधल्या होलीहेड बंदरापर्यंत रेल्वे, तिथून डब्लिन बंदरापर्यंत सव्वातीन तासांची बोट, आणि दोन्ही मिळून एकच तिकीट. कार्यक्रमाच्या आठवड्यात विमानाचे दर आकाशाला भिडतात, पण या जोडतिकिटाचे फारसे हलत नाहीत. सामानाच्या वजनाची कटकट नाही. ताईने नाशिकहून आणलेला चिवडा आणि गूळपोळ्या आम्ही डेकवर बसून खाल्ल्या. वारा इतका की पोळी दोन्ही हातांनी धरावी लागत होती. एकच सांगते, मँचेस्टरहून नेलेले पौंड डब्लिनमध्ये चालत नाहीत, तिथे युरो लागतात.

राहण्याच्या बाबतीत मात्र आम्ही पोळलो. नोव्हेंबरातच केलेलं शहरातलं बुकिंग त्या हॉटेलने एप्रिलमध्ये "तांत्रिक चूक" म्हणत रद्द केलं, आणि तीच खोली दुप्पट दराने पुन्हा दिसू लागली. ताई विमानतळाकडे निघायच्या बेतात नव्हती एवढंच नशीब. त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले होते. मग सापडलं मेनूथ. डब्लिनच्या पश्चिमेला विद्यापीठाचं गाव आहे, आणि तिथली लोकल थेट ड्रमकोन्ड्रा स्टेशनवर येते. ते क्रोक पार्कपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. घरगुती मुक्कामाची जागा मिळाली. मालकीणबाईंनी आमची नावं वाचून विचारलं, तुमच्याकडचाच ना आमचा वाहतूक आणि पर्यटनमंत्री? लिओ वराडकर तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, हे ताईने त्यांना इतक्या अभिमानाने सांगितलं की दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आमच्या ताटात एक बटाटा जास्त होता.

क्रोक पार्क हे मुळात गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या आयरिश खेळांचं मैदान. बसायला आणि उभं राहायला मिळून ब्याऐंशी हजारांची जागा आहे. २१ नोव्हेंबर १९२० ला इथे सामना चालू असताना ब्रिटिश फौजांनी गोळीबार केला आणि चौदा जण मारले गेले. त्यात मायकेल होगन हा खेळाडूही होता. एका स्टँडला त्याचंच नाव आहे. सकाळी वेळ असेल तर मैदानातच असलेलं संग्रहालय जरूर बघा, कार्यक्रमाच्या दिवशी ते उघडं असल्याची आधी खात्री करून. आपण कुठे उभे राहून गाणार आहोत हे कळलं की त्या हिरवळीकडे बघण्याची नजर बदलते.

ओ'कॉनेल स्ट्रीटवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि चालतच जा. आजूबाजूच्या गल्ल्या गार्डा, म्हणजे तिथले पोलीस, बंद करतात. गाडी लावायला जागा नाहीच. तिकिटावर कोणत्या बाजूने आत जायचं ते छापलेलं असतं. चुकीच्या बाजूला गेलात तर मैदानाला मोठा वळसा पडतो. पिशवी वहीच्या पानापेक्षा मोठी नको. छत्री आत नेऊ देत नाहीत, म्हणून टोपीचा रेनकोट घ्या, जून असला तरी. आमची जागा कुसॅक स्टँडच्या वरच्या मजल्यावर होती. पायऱ्या चढाच्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालची जागा बघा. हा स्टँड पूर्वेला असल्यामुळे तोंड पश्चिमेला येतं, त्यामुळे आकाश उघडलं तर संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यांत. आत गेल्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. शाकाहारी माणसाने पोटभर खाऊनच निघावं, आम्हाला आत चिप्सवर भागवावं लागलं.

डब्लिनला जूनमध्ये दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणून अर्धा कार्यक्रम उजेडातच झाला. आधी मला हुरहूर वाटली, कारण अंधार नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. पण त्या उजेडात माणसं दिसत होती. ऐंशी हजार चेहरे. आमच्या पुढच्या रांगेत आई, मुलगी आणि आजी. आजीला सगळे शब्द पाठ.

त्यांचं गाणं ज्यांनी ऐकलं असेल त्यांना एक गोष्ट माहीत असेल. शेवटच्या ध्रुवपदाआधी गाणं क्षणभर श्वास घेतं आणि पट्टी चढते. वर्षानुवर्षं त्याच क्षणी चौघंही उंच स्टुलांवरून उठून उभे राहायचे. लोकांनी त्याची थट्टाही खूप केली. पण त्या रात्री संथ गाण्याला आमचा सगळा स्टँड बसलेला होता, आणि पट्टी चढली तेव्हा खालपासून वरपर्यंत रांगामागून रांगा उठत आल्या. कोणी सांगितलं नाही, कोणी खूण केली नाही. शेन मूळ चाल धरून होता, मार्कचा आवाज त्याच्यावर चढत गेला, कीअन आणि निकी खालून भरत होते, आणि मग हे चौघं वेगळे ऐकू येईनातच. मैदानच गात होतं. ताई माझा हात धरून उभी होती आणि गात होती ते वहीतलं, देवनागरीतलं. एक शब्द आम्ही बारा वर्षं चुकीचा म्हणत होतो, हे तिला तिथे कळलं. तरी तिने तो तसाच म्हटला.

सुटल्यावरचा एक उपयोगाचा सल्ला: ड्रमकोन्ड्रा स्टेशनवर गर्दी करू नका. आम्ही उलट कॉनोली स्टेशनपर्यंत चालत गेलो. मेनूथची गाडी तिथूनच ड्रमकोन्ड्राकडे येते, त्यामुळे आम्हाला बसायला मिळालं, आणि ड्रमकोन्ड्राच्या फलाटावरची कितीतरी माणसं खालीच राहिली. शेवटच्या गाडीची वेळ मात्र सकाळीच बघून ठेवा.

शनिवारी आमच्याकडे तिकीट नव्हतं. तरी गेलो. रॉयल कॅनॉल मैदानाच्या अगदी मागून वाहतो. बिन्स ब्रिजपाशी काठावर एका लेखकाचा बाकावर बसलेला ब्राँझचा पुतळा आहे, शेजारी एक पक्षी. त्या बाजूला बसलो. शब्द येत नव्हते, वाऱ्यावर फक्त सूर यायचे, आणि पट्टी चढली की टाळ्यांचा लोट. शेजारी तिकीट न मिळालेल्या आणखी काही बायका होत्या. त्यांनी थर्मासमधला चहा दिला, आम्ही चिवडा. तिखट लागला त्यांना, पण पुडी संपली. ज्यांना तिकीट मिळत नाही त्यांना मी हे मनापासून सांगते: तरी त्या गावी जा, मैदानाबाहेर बसा, फुकट असतं आणि एकटं वाटत नाही.

पुढे २०१८ मध्ये ते परत आले आणि जुलै २०१९ मध्ये याच मैदानावर पुन्हा दोन रात्री गायले. मग तुमचा निरोप वायाच गेला म्हणायचा, असं मला अनेकांनी ऐकवलं. मला तसं कधीच वाटलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्कने तब्येतीमुळे दौऱ्यांतून रजा घेतली. त्याचा तो वर चढणारा सूर चौघांच्या मेळात आपण कानांनी ऐकलाय, याचं मोल मला त्या दिवशी कळलं. तुमच्या आवडीचे लोक थांबतोय म्हणाले, तर परत येतील की नाही याचा हिशेब मांडत बसू नका. तिकीट काढा.

रविवारी स्लायगोला गेलो. कॉनोलीहून थेट गाडी आहे. डाव्या-उजव्या खिडकीचा विचार करू नका, दोन्हीकडे कुरणं, तळी आणि मेंढ्याच आहेत. गावात गॅराव्होग नदी, लहान पूल, आणि दूर बेनबल्बन डोंगर. सपाट माथा आणि सरळ तुटलेले कडे. ताई म्हणाली, हा तर आपल्याकडचाच डोंगर, त्र्यंबकच्या वाटेवरचा. टेंपल स्ट्रीटवर हॉक्स वेल नाट्यगृह आहे. शेन, मार्क आणि कीअन शाळकरी वयात तिथे संगीत नाटकात कामं करायचे. रविवार असल्याने दार बंद होतं. तिथे जायचं असेल तर आठवड्यातला दिवस निवडा. आम्ही काचेतून आत बघितलं: तिकीटखिडकी, रांगेने लावलेली पत्रकं, आत जाणारा अंधारा दरवाजा. नाशिकच्या कालिदास नाट्यगृहाहून बरंच लहान.

ताईने पर्समधून ती वही काढली. ती सोबत आणलीय हे मला माहीतच नव्हतं. पायरीवर बसून तिने चुकलेला शब्द शोधला, त्याच्याखाली बरोबर शब्द लिहिला, आणि जुना न खोडता तारीख घातली. पाऊस सुरू झाला तसं वही रेनकोटात घालून आम्ही स्टेशनकडे निघालो.