तपासणीची फाइल आणि हातातली कानस

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये फाइल हा शब्द दोन अर्थांनी चालतो: एक कार्यालयातली आणि दुसरी कार्यशाळेतली, म्हणजे कानस. जोडारी (फिटर) व्यवसायाचा शिल्प निदेशक, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, संस्थेचा दर्जा ठरवताना आपण पहिल्या फाइलवर फार विसंबतो.

नियमांची उणीव नाही. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची; पुढे व्यावसायिक प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद आली, २०१८ मध्ये तिच्या जागी नव्या परिषदेची अधिसूचना निघाली, आणि संस्थांचे श्रेणीकरणही सुरू झाले. वीस प्रशिक्षणार्थींच्या तुकडीसाठी किती जागा, कोणती यंत्रे, काम घट्ट पकडणारे किती व्हाइस, निदेशकाची पात्रता काय, हे सारे लिहिलेले आहे आणि ते आवश्यकही आहे. पण ते मोजता येते म्हणूनच आधी मोजले जाते.

जोडारीचा मुलगा सुरुवातीचे कित्येक दिवस लोखंडी पट्टी घासतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून पट्टी उजेडाकडे धरली आणि कडेला फट दिसली, तर कानस हातात डुलली आणि मधे कुबड राहिले, असे समजावे. दाते झिजलेली कानस नुसती घसरते, मुलगा जास्त दाब देतो, हात आणखी डुलतो, आणि ती खोड पुढे मोडता मोडत नाही. एका संस्थेत तपासणीच्या सकाळी कपाटातून कोऱ्या कानशी निघालेल्या आणि संध्याकाळी पुन्हा कुलपात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. साहित्याच्या यादीत त्या संस्थेला पूर्ण गुण मिळाले, आणि यादीपुरते ते चुकीचेही नव्हते.

परीक्षेला बसण्यासाठी लागणारी ८० टक्के हजेरीसुद्धा अशीच कागदावर भरते. म्हणून तपासणी समितीने कच्च्या मालाची नोंदवही उघडून वर्षभरात प्रत्येक मुलाच्या वाट्याला किती पट्टी आली हे पाहावे, आणि मांडणीवरचे मुलांनी घडवलेले कोणतेही दोन जॉब उचलून निदेशकासमोरच तपासावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. मी अनुभवलेल्या तपासण्यांत असा गुण्या मागणारे एकच गृहस्थ आठवतात. त्यांनी पट्टी खिडकीकडे धरली, तेव्हा सुट्टीची घंटा होऊनही एकही मुलगा जागचा हलला नव्हता.